घोड्याचे ठोके वाचायला शिका: पहिल्या चाळीस किलोमीटरच्या तयारीसाठी

एन्ड्युरन्स, म्हणजे घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत रेषा आधी ओलांडणारा घोडा जिंकतोच असं नाही. प्रत्येक टप्प्यानंतर, आणि शेवटची रेषा ओलांडल्यावरही, पशुवैद्यक त्याचे ठोके मोजतात, त्याला दुडकी चालीने पळवून पाय बघतात, हिरड्या दाबून, कातडी चिमटीत धरून, पोटाला कान लावून तपासतात. एफईआय या आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांत मिनिटाला ६४ ठोके ही नेहमीची मर्यादा असते. मधल्या टप्प्यांवर त्या मर्यादेत यायला साधारण पंधरा मिनिटं मिळतात, आणि ठोके उतरून घोडा हजर होईपर्यंत तुमची वेळ मोजली जात असते. वाटेवर कमावलेली चार मिनिटं तिथे उभ्या उभ्या जातात. ठोके उतरलेच नाहीत किंवा घोडा लंगडला, तर तो बाद.

त्यामुळे घोड्यांच्या सगळ्या खेळांत ठोके मोजण्याची शिस्त इथे सर्वांत जुनी आणि सर्वांत पक्की आहे. अंगावर बांधायची यंत्रं वापरायला शिकायची असतील तर एन्ड्युरन्सपासूनच सुरुवात करावी, असं माझं मत आहे. आपल्याकडे या शर्यतींत मारवाडी आणि काठियावाडी घोडे भरपूर दिसतात, भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाल्यापासून तिच्याकडेही लोक वेगळ्या नजरेने बघू लागलेत, आणि सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा आणून थेट स्पर्धेची स्वप्नं पाहणारे तरुण दरवर्षी भेटतात. हा लेख त्यांच्यासाठी: घोडा आहे, बसता येतं, चाळीस किलोमीटरची पहिली शर्यत पाच-सहा महिन्यांवर आहे आणि हातात एक नवं कोरं यंत्र आहे किंवा घ्यायचा विचार आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. छातीला बांधलेला पट्टा हृदयाबद्दल बोलतो. पायांबद्दल तो जवळजवळ काहीच बोलत नाही. नव्या माणसाच्या हातून घोडा बिघडतो तो बहुतेक वेळा या दोहोंतला फरक न कळल्यामुळे.

पहिली पायरी: यंत्राआधी कान आणि बोटं

पहिले दोन-तीन आठवडे काही विकत घेऊ नका. एक साधा स्टेथोस्कोप आणि सेकंद दाखवणारं घड्याळ पुरे. घोड्याच्या डाव्या अंगाला उभे राहा. पुढच्या पायाच्या कोपरामागे, जिथून तंग (खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा) जातो त्या जागी, स्टेथोस्कोपची चकती कोपर आणि छाती यांच्या फटीत जरा पुढे सरकवा. लब-डब असे दोन आवाज येतील. दोन्ही मिळून एक ठोका. नवखा माणूस हमखास दोन धरतो आणि घोडा आजारी आहे म्हणून घाबरतो. पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. स्टेथोस्कोप नसेल तर जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेवरून एक धमनी जाते. ती बोटांच्या टोकांखाली दोरीसारखी सरकते. तिथे हलकेच दाबून मोजा. अंगठा वापरू नका, स्वतःचीच नाडी लागते.

पूर्ण वाढलेल्या घोड्याचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. श्वास ८ ते १६. गुदद्वारातलं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. हे पहाटे, वैरण टाकण्याआधी आणि तबेल्यात गडबड सुरू होण्याआधी मोजायचं, कारण वैरणीची पाटी दिसली तरी ठोके चढतात. रोज त्याच वेळी, शक्यतो त्याच माणसाने.

मोजताना कधी मध्येच एक ठोका गळाल्यासारखा वाटेल: तीन-चार ठोके नीट, मग पोकळी, मग पुन्हा सुरू. शांत उभ्या असलेल्या निरोगी घोड्यात हे पुष्कळदा स्वाभाविक असतं. घोडा चालू लागला, जरा सावध झाला की ती पोकळी भरून निघते. हालचालीनंतरही ताल तुटकच राहिला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. माणूस धावायला लागला की काही महिन्यांत त्याची विश्रांतीतली नाडी खाली येते. घोड्यात तसं फारसं होत नाही. सरावाने आकडा ३६ वरून ३० व्हायची वाट पाहू नका. पहाटेच्या नोंदीचा उपयोग दुसराच आहे: रोज ३४-३६ असणारा घोडा एके दिवशी उगीचच ४८ दाखवतो, तेव्हा त्या दिवशी खोगीर चढवायचं नाही. ताप, दुखणं, पोटाची तक्रार, कालचा न उतरलेला शीण, कारण काहीही असेल, ते आधी शोधायचं.

दुसरी पायरी: यंत्र निवडणं

बाजारात मुख्य तीन तऱ्हा आहेत.

पहिली, दोन इलेक्ट्रोडचा पट्टा आणि त्याच्याशी जोडलेलं घड्याळ किंवा फोन. फिनलंडच्या पोलर कंपनीचे घोड्यांसाठीचे पट्टे बरीच वर्षं वापरात आहेत. हृदयाच्या विजेच्या लहरी पकडून हा पट्टा ठोके मोजतो आणि घड्याळातलं जीपीएस वेग आणि अंतर देतं. पहिल्या चाळीस किलोमीटरसाठी मी डोळे झाकून हाच सुचवेन.

दुसरी तऱ्हा म्हणजे तंगाला बसणारं, ईसीजी, जीपीएस आणि पावलांची लय एकदम नोंदवणारं यंत्र. फ्रान्सच्या एरिओनिओ कंपनीचं इक्विमीटर हे त्यातलं नावाजलेलं. शर्यतीच्या तबेल्यांत, जिथे एका प्रशिक्षकाच्या हाताखाली पन्नास-साठ घोडे असतात, तिथे त्याचा खरा फायदा: प्रत्येक घोड्याचा ईसीजी साठवून ठेवता येतो. एकाच घोड्याच्या मालकाला इतकं लागत नाही.

तिसरी तऱ्हा नवी आहे. गार्मिन कंपनीने २०२५ मध्ये ब्लेझ नावाची शेपटीला गुंडाळायची पट्टी आणली. शेपटीच्या खालच्या अंगाला केस नसतात, त्यामुळे प्रकाशावर चालणारा सेन्सर तिथे नाडी पकडू शकतो. याच कारणाने माणसाचं मनगटी घड्याळ घोड्याच्या पायाला बांधून काही हाती लागत नाही. दाट केस आणि गडद कातडी यांतून तो हिरवा प्रकाश परत येतच नाही.

घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचाराच: वर्षाला वर्गणी किती, आणि ती बंद केली तर माझ्या घोड्याच्या जुन्या नोंदी मला फाइल म्हणून मिळतात का. दोन वर्षांच्या नोंदी ही यंत्राहून मोलाची गोष्ट आहे. ती कुणाच्या सर्व्हरवर अडकून राहू देऊ नका.

तिसरी पायरी: पट्टा नीट बांधणं

घोड्याचं आणि नव्या यंत्राचं जमत नाही अशी तक्रार येते, तेव्हा दहातल्या नऊ वेळा चूक बांधणीत असते. म्हणून इथे सावकाश जाऊ.

दोन इलेक्ट्रोड हृदयाच्या दोन बाजूंना यायला हवेत. एक खाली, डाव्या कोपरामागे, तंगाच्या खाली. दुसरा वर, मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्याच्या बाजूला, खोगिराच्या गादीखाली, पण अशा जागी की खोगिराचं लाकूड किंवा तुमची मांडी त्याच्यावर घासणार नाही. कंपनीने कोणता इलेक्ट्रोड कुठे सांगितलाय ते पाहून तसंच करा.

आधी खरारा करून धूळ आणि सुटे केस काढा. मग दोन्ही जागा स्पंज भरभरून भिजवा. नुसतं वरून शिंपडून भागत नाही. बोटं केसांत घालून पाणी कातडीपर्यंत पोचवा. चिमूटभर मीठ घातलेलं कोमट पाणी जास्त चांगलं चालतं. त्यावर इलेक्ट्रोडला ईसीजीचं जेल लावा. औषधाच्या दुकानात सोनोग्राफीच्या जेलची मोठी बाटली स्वस्तात मिळते, तेही चालतं. हिवाळ्यात काठियावाडी घोड्याची लव दाट झाली की तळहाताएवढी जागा कात्रीने बारीक करून घ्या; वस्तरा लावू नका, कातडी सोलवटते. घाम सुटला की तोच पुढे जेलचं काम करतो, त्यामुळे पहिली दहा मिनिटं आकडे वेडेवाकडे आणि मग सुरळीत असं दिसलं तर समजा, पाणी कमी पडलं होतं.

आता तंग आवळा, घोड्याला चार पावलं चालवा, पुन्हा एक भोक आवळा. मग स्टेथोस्कोप लावून हाताने मोजा आणि घड्याळातल्या आकड्याशी ताडून पाहा. ही तपासणी पहिला महिनाभर रोज करा. घड्याळ बरोबर दुप्पट आकडा दाखवत असेल, हाताने ३५ आणि पडद्यावर ७०, तर घाबरू नका. घोड्याच्या ईसीजीत मुख्य लहरीमागून येणारी टी लहर चांगली ठसठशीत असते, आणि माणसांसाठी बनवलेला सेन्सर तिलाही एक ठोका धरतो. इलेक्ट्रोडची जागा बोट-दोन बोटं सरकवली की बहुधा सुधारतं. पळताना आकडा एकदम १२० वरून ६० किंवा २१० वर उडी मारून लगेच परत आला, तर ती पट्ट्याची घसरण. हृदय पायऱ्या गाळत नाही, चढता-उतरताना मधले आकडे दाखवतं.

पण एक अपवाद लक्षात असू द्या. आकडे पुन्हा पुन्हा, पट्टा नीट असतानाही, त्या वेगाला न शोभेसे वर जात असतील आणि घोडा पूर्वीसारखा चालत नसेल, तर यंत्राला दोष देऊन गप्प बसू नका. घोड्यांमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा एक आजार असतो, एट्रियल फिब्रिलेशन. उभा असताना घोडा ठणठणीत दिसतो, कामात मात्र ठोके भलतेच चढतात. त्याचं निदान ईसीजीनेच होतं.

रपेट संपली की पट्टा गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. घामातलं मीठ इलेक्ट्रोड खातं, आणि वाळलेल्या मिठाचे कण पुढच्या दिवशी तंगाखाली जखम करतात. पट्टा बांधून घोडा ठाणावर सोडू नये हे सांगायची गरज नसावी, तरीही सांगून ठेवतो.

चौथी पायरी: तीन आठवडे नुसतं बघा

आता रोजचं काम जसं चाललंय तसंच चालू ठेवा आणि आलेख जमवा. काही बदलू नका, काही सुधारू नका.

घोड्याचं हृदय कमालीत कमाल मिनिटाला २२० ते २४० ठोक्यांपर्यंत जातं. माणसाच्या मापाने पाहू नका. १४० हा आकडा आपल्याला दमछाक वाटतो, घोड्याला तो भरपूर राखीव ठेवून केलेला प्रवास आहे. सपाटीवर चालताना ६० ते ८०, दुडकीत ९० ते १३०च्या आसपास, कॅंटरमध्ये (दुडकी आणि दौड यांच्या मधली चाल) १२० ते १६०-१७०, भरधाव दौडीत २००च्या पुढे, असा ढोबळ नकाशा धरा. एन्ड्युरन्सचा बराचसा सराव ११० ते १५० या पट्ट्यात होतो. साधारण १६०-१७०च्या पुढे स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडू लागतो आणि लॅक्टेट हे श्रमातून तयार होणारं द्रव्य साचत जातं. नेमका उंबरठा घोड्यागणिक वेगळा. आणि सरावाने कमाल आकडा वाढत नाही. सुधारणा दिसते ती त्याच वेगाला कमी ठोके लागण्यात.

एक आलेख सोबत वाचू. समजा, सकाळी साडेसहाला तुम्ही तबेल्यातून निघालात. चालताना ७०. फाटकाशी ट्रॅक्टर धडधडत आला आणि रेघ १२५ वर उडाली, घोड्याने मात्र एक पाऊलही जास्त टाकलेलं नाही. ती भीती आहे, श्रम नव्हेत. शेजारून घोडी गेली, ध्वनिक्षेपक लागला, तरी असंच होतं. उत्तेजनेचा परिणाम कमी ठोक्यांवर खूप दिसतो आणि जोराच्या कामात बुडून जातो. म्हणूनच चालतानाच्या आकड्यांवरून तंदुरुस्ती ठरवू नये.

पुढे तुम्ही दुडकी धरली. ठोके पटकन १३५ वर जातात आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात ११८ वर येऊन स्थिरावतात. सुरुवातीला हृदय जरा जास्तच उसळी घेतं आणि मग गरजेपुरतं खाली येतं. त्यामुळे कोणत्याही वेगाचा खरा आकडा घ्यायचा तर तो वेग कायम ठेवून दोन-तीन मिनिटं जाऊ द्यायची. मग चढ लागला: वेग तोच, ठोके १४५. घोडा दमला म्हणून नव्हे, चढ आहे म्हणून. तासाभराने त्याच सपाटीवर त्याच वेगाला ११८ ऐवजी १२८ दिसले, तर ऊन आणि अंगातलं कमी झालेलं पाणी बोलतंय.

शेजारी वहीत लिहा: वाट कोणती, जमीन मऊ की कडक, ऊन किती, बसणारा कोण, घोड्याची कुरबुर. ज्या आलेखाशेजारी ही ओळ नाही तो महिन्याने वाचता येत नाही. सईसाला यात घ्या. आदल्या रात्री पाणी कमी प्यायला, लीद कोरडी होती, डाव्या कुशीवर लोळून घेत होता, हे त्याला ठाऊक असतं, यंत्राला नाही.

पाचवी पायरी: मोजमापाची वाट ठरवा

आता एक अशी वाट निवडा जी पावसाळा सोडून वर्षभर सारखी राहते: सपाट, मऊ मातीची, दोन-तीन किलोमीटर. पुण्याकडच्या मंडळींना कालव्याकडेचा कच्चा रस्ता सोयीचा पडतो. दर दोन आठवड्यांनी, हलक्या दिवसानंतरच्या सकाळी, त्याच वेळी, त्याच माणसाने बसून, पंधरा मिनिटं अंग मोकळं केल्यावर ही वाट ठरलेल्या वेगाने दुडकीत करायची. ताशी १४ किलोमीटर हा वेग बहुतेक देशी घोड्यांना सोसतो. शेवटच्या दोन मिनिटांचे सरासरी ठोके लिहा. थांबल्यावर पाच आणि दहा मिनिटांनी पुन्हा लिहा. बस, एवढीच परीक्षा.

समजा पहिल्या वेळी १२८ आले आणि दोन महिन्यांनी त्याच वेगाला ११६, तर घोडा तयार होतोय. एकदा चार-पाच ठोके वरखाली झाले तर दुर्लक्ष करा. ऊन, वारा, मनःस्थिती एवढा फरक पाडतात. ओळीने दोन वेळा आकडा वर गेला तर काम कमी करून कारण शोधा. लपलेलं लंगडणंही असंच उघड होतं: दुखऱ्या पायाने चालणाऱ्या घोड्याचे ठोके त्याच वेगाला वाढतात, आणि हे कधी कधी डोळ्यांना लंगड दिसण्याआधीच होतं.

शेजारच्याच्या घोड्याशी आकडे ताडू नका. दोन घोड्यांचे ठोके एकाच वेगाला वीसने वेगळे असू शकतात आणि दोघेही उत्तम असू शकतात.

सहावी पायरी: उतार वाचा

चढलेल्या ठोक्यांपेक्षा उतरणारे ठोके जास्त सांगतात. काम थांबताच पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत रेघ धाडकन खाली येते, मग सावकाश. बेताचं काम केलेल्या, तयार घोड्याचे ठोके दहा ते पंधरा मिनिटांत ६०च्या खाली यायला हवेत. पंधरा मिनिटांनीही ते सत्तरीत रेंगाळत असतील तर त्या दिवशीचं काम जास्त झालं, किंवा हवा फार गरम होती. अर्ध्या तासानेही साठीच्या खाली येत नसतील तर डॉक्टरांना फोन करा. त्यासोबत मागचे पुठ्ठे दगडासारखे कडक झाले असतील, घोडा पाऊल टाकायला तयार नसेल, मूत्र तांबूस-काळपट असेल, तर त्याला जागचा हलवू नका. स्नायू फुटण्याचा हा प्रकार चालवल्याने वाढतो.

कुशीकडे बघायची सवय लावा. प्रत्येक ठोक्याबरोबर कूस उचकीसारखी उडत असेल, तर घामावाटे गेलेल्या क्षारांनी श्वासपटलाच्या मज्जातंतूला हळवं केलंय, आणि तो आता हृदयाच्या विजेवर नाचतोय. पट्टा हे दाखवत नाही. शर्यतीत ही खूण दिसली की घोडा तिथेच थांबवतात.

पशुवैद्यक वापरतात अशी एक छोटी चाचणी घरी करता येते. घोडा शांत झाल्यावर ठोके मोजा. मग साधारण ३८ मीटर दुडकीत नेऊन परत आणा. निघाल्यापासून बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजा. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा कमी असेल तर छान. चार किंवा जास्त ठोक्यांनी वाढला असेल तर घोड्यात दिसतं तेवढं बळ उरलेलं नाही, किंवा कुठेतरी दुखतंय.

सातवी पायरी: ऊन आणि दमट हवा

घोडा घामाने थंड होतो. गरमीत जोराच्या कामात तासाला १० ते १५ लिटर घाम जातो. घाम वाळला तरच अंग थंड होतं, आणि दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ठिबकतो. जुना ठोकताळा असा: फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज करा. १३० पर्यंत निर्धास्त, १५०च्या पुढे जपून, १८० गाठली की खोगीर उतरवा. कोकणात किंवा मुंबईत जूनमध्ये ३२ अंश सेल्सिअस, म्हणजे ९० फॅरनहाइट, आणि ८० टक्के आर्द्रता: बेरीज १७०. पटतं. पण मे महिन्यात नगर-सोलापूरकडे ४० अंश, म्हणजे १०४, आणि २० टक्के आर्द्रता: बेरीज १२४, जणू काही धोकाच नाही! कोरड्या उन्हात हा ठोकताळा आपल्याला फसवतो. घाम वाळतो खरा, पण इतक्या वेगाने की अंग कोरडं दिसतं आणि घोड्याने किती पाणी गमावलं ते कळतच नाही. उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आधी निघा आणि ठोके नेहमीपेक्षा दहाने चढले की परत फिरा.

तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं तर स्नायू आखडतात, हा समज आपल्याकडे घट्ट रुजलाय. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत यावर नीट संशोधन झालं आणि तो समज खोटा ठरला. गार पाणी सगळ्या अंगावर, भरपूर, सतत ओता. सावली आणि वारा द्या. ठोके आणि श्वास उतरेपर्यंत थांबू नका. श्वास ठोक्यांपेक्षा जास्त झालेत असं दिसलं तर घोडा आतून तापलेला आहे. थर्मामीटर लावा, आणि ४० अंशांच्या वर असेल तर पाणी ओतत ओतत डॉक्टरांना बोलवा. प्यायला पाणी लगेच द्या. मीठ-क्षार पाण्यासोबतच, तहानलेल्या घोड्याच्या तोंडात नुसतं मीठ कोंबणं घातक.

आणि एखादा घोडा दमट उन्हात काम करूनही कोरडाच राहत असेल, तर त्याची घाम येण्याची क्रिया मंदावलेली असू शकते. थंड प्रदेशातून आणलेल्या थरोब्रेड घोड्यांमध्ये आपल्या किनारपट्टीवर हे पूर्वीपासून पाहिलं गेलंय. अशा घोड्याला पट्टा बांधून पळवण्यात अर्थ नाही.

आठवी पायरी: पाय

हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाडं, कंडरा, सांध्यांच्या बंधांना त्याहून पुष्कळ जास्त महिने लागतात. त्यामुळे सरावाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आलेख फार सुंदर दिसतो: त्याच वेगाला ठोके कमी, उतार झकास, घोडा पुढे ओढतोय. नवा मालक खूश होऊन नेमका इथे वेग वाढवतो, आणि पुढच्या पायाची कंडरा सुजते. हृदय 'हो' म्हणत होतं, पाय अजून तयार नव्हते, आणि पायांना विचारणारं कोणी नव्हतं.

यावर यंत्रांचा उपाय निघतोय. अमेरिकेत शर्यतीच्या घोड्यांच्या खोगिराखालच्या कापडात स्ट्राइडसेफ नावाचा सेन्सर बसवून पावलांच्या लयीतले सूक्ष्म बदल शोधतात. डोक्याच्या आणि कंबरेच्या वरखाली होण्यातला काही मिलिमीटरचा फरक मोजणारे सेन्सरही पशुवैद्यकांकडे असतात. पण असमान चाल आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही बाजूंनी अगदी सारखा चालणारा घोडा विरळाच. असा अहवाल डॉक्टरांनी वाचायचा असतो, मालकाने ॲपवर पाहून औषध द्यायचं नसतं.

तुमच्याकडे त्याहून भरवशाचं साधन आहे: तळहात. रोज सकाळी, काम करण्याआधी, चारही पाय गुडघ्यापासून खुरापर्यंत चाचपा. डाव्याची उजव्याशी तुलना करा. ऊब, फुगवटा, दाबल्यावर पाय ओढून घेणं, खुराच्या वर मागच्या बाजूला जोराने उडणारी नाडी, यांतलं काही सापडलं तर आलेख कितीही सुंदर असो, त्या दिवशी विश्रांती. काम वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवा. अंतर वाढवलं त्या आठवड्यात वेग तोच. चढाची वाट घेतली तर अंतर कमी. दर तीन आठवड्यांनंतरचा आठवडा हलका ठेवा. नालबंदाच्या तारखेनंतर दोन दिवस कडक जमिनीवर दुडकी नको.

स्पर्धेच्या महिनाभर आधी एकदा रक्त तपासून घ्यायचं असेल तर नमुना घोडा अगदी शांत असताना घ्यायला सांगा. घाबरलेल्या घोड्याची प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते आणि अशक्त घोड्याचं हिमोग्लोबिनही झकास दिसतं.

नववी पायरी: स्पर्धेचा दिवस

आदल्या दिवशी स्पर्धेचं पत्रक नीट वाचा: ठोक्यांची मर्यादा, वेळ, कमाल वेगाची अट, कोणती उपकरणं चालतात. पट्टा घरी वापरला तोच, तंग तोच. नवीन काहीही नको.

सकाळी गर्दीत तुमच्या शांत घोड्याचे ठोकेही वीस-तीसने वर असतील. पहिले तीन-चार किलोमीटर आकड्याकडे फार बघू नका. घोळक्याच्या मागे राहून त्याला श्वास मिळू द्या. मग घरच्या वाटेवरचे तुमचे आकडे आठवा. सपाटीवर १३०च्या आत राहायचं ठरवलं असेल तर पुढचा घोडा कितीही जवळ दिसला तरी १३०च. चढावर १५० ओलांडले की चालत न्या, जमलं तर उतरून सोबत चाला.

तपासणीची जागा एक किलोमीटरवर आली की वेग सोडा. शेवटचे तीनशे-चारशे मीटर खाली उतरून, तंग एक भोक सैल करून चालत जा. पडद्यावर आकडा ८० कडे येताना दिसेल. आत शिरताच पाणी, सावली, खोगीर खाली, अंगावर पाणी. आकडा मर्यादेच्या तीन-चार खाली येऊन अर्धा मिनिट टिकला की मगच हजर व्हा. बरोबर ६४ वर धावत गेलात तर रांगेत शेजारचा घोडा खिंकाळतो आणि तुमचे होतात ७०. निर्णय डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपचा. तुमच्या घड्याळात ६० असेल आणि त्यांनी ६६ मोजले, तर ६६ खरे. वाद घालू नका.

पहिली शर्यत पुरी करण्यासाठी धावा. घरी आल्यावर पाय गार पाण्याने शेका, चार-पाच तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ठोके व तापमान घ्या, पाय चाचपा, मोकळ्या जागेत दुडकीत पळवून बघा. पहाटेचे ठोके नेहमीच्या आकड्यावर येईपर्यंत खोगीर नाही. ते आले तरी आठवडाभर मोकळं फिरणं आणि चरणंच. त्या दिवसाचा आलेख, टप्प्यागणिक ठोके आणि उतरायला लागलेली मिनिटं एका पानावर लिहून तुमच्या पशुवैद्यकांना पाठवा. पुढच्या साठ किलोमीटरचा सराव किती आणि कधी सुरू करायचा, हे त्या पानावरून त्यांच्यासोबत बसून ठरवा.